नांदगाव : एका तालुक्याच्या गावाचा घडत गेलेला इतिहास

नांदगाव या नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर आहे, नांदगाव पेठ आहे. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मुरुडजवळ एक नांदगाव आहे. आणि छत्तीसगडातील राजनांदगावाचे नावही याच कुळातले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय असलेले नांदगाव हे नाशिक जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे तालुक्याचे ठिकाण होय. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, मुंबईपासून सुमारे २८७ किलोमीटरांवर, मनमाड व चाळीसगाव या दोन मोठ्या स्थानकांच्या दरम्यान ते वसले आहे. रात्रीच्या गाडीने जाणारा प्रवासी या स्थानकाची दखल घेईलच असे नाही. तथापि राजधान्यांचे आणि तीर्थक्षेत्रांचे इतिहास जितक्या आस्थेने लिहिले गेले, तितक्या आस्थेने तालुक्याच्या गावांचे लिहिले गेले नाहीत, ही आपल्या प्रादेशिक इतिहासलेखनातील मोठी उणीव आहे. ज्या गावात शेतसारा भरला जातो, फिर्याद दाखल होते, कांदा विकला जातो आणि मुलगा प्रथमच इंग्रजी शिकू लागतो, त्या गावाने सामान्य माणसाचे आयुष्य जेवढे घडविले तेवढे राजधानीने क्वचितच घडविले असेल.

प्रथम भूमीचा विचार केला पाहिजे, कारण नांदगावच्या बाबतीत पुढील सारे तिच्यावर अवलंबून आहे. तालुक्याच्या दक्षिणेस सातमाळ्याची डोंगररांग असून तिच्या पलीकडे मराठवाड्याचे पठार लागते. उत्तरेकडे गिरणेचे खोरे आहे. या दोहोंच्या मधला प्रदेश दक्षिणेकडून उत्तरेकडे उतरत जातो. पांझण आणि मन्याड हे त्यातील मुख्य प्रवाह असून दोन्ही अखेरीस गिरणेला मिळतात. खुद्द गावाला लेंडी आणि शाकंबरी या दोन लहान नद्यांचा शेजार आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे पाऊस बेताचा, सरासरीने सहाशे मिलिमीटरांच्या आसपास आणि तोही लहरी. जमीन काही ठिकाणी काळी, पण बऱ्याच भागात हलकी व मुरमाड. म्हणून जुने पीक मुख्यतः बाजरीचे. त्यात पुढे कापूस, मका आणि कांद्याची भर पडली. बोलठाण, जातेगाव ही गावे डोंगराच्या माथ्यावर असल्याने त्या भागास आजही 'घाटमाथा' असेच म्हणतात. एकाच तालुक्यात दोन उंचींवरच्या दोन निराळ्या वस्त्या असणे ही गोष्ट कागदोपत्री किरकोळ वाटते. परंतु घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्याला कचेरीच्या प्रत्येक कामासाठी घाट उतरून यावे लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे महत्त्व कळते.

प्राचीन काळाविषयी लिहिण्याजोगे फारसे नाही. माणिकपुंजचा डोंगरी किल्ला आणि नस्तनपूरची जुनी तटबंदी यांवरून घाटाखालच्या वाटांवर पहारा ठेवण्याची गरज जुन्या सत्तांना वाटत होती, एवढा निष्कर्ष सुरक्षितपणे काढता येतो. नस्तनपूरचे शनीचे देवस्थान प्रसिद्ध असून साडेतीन शनिपीठांत त्याची गणना केली जाते. मूर्तीची स्थापना प्रभू रामचंद्रांनी केली अशी भाविकांची श्रद्धा आहे. शनिवारी येणाऱ्या अमावास्येस तेथे मोठी गर्दी लोटते. जातेगावचे पिनाकेश्वर महादेवाचे स्थानही परिसरात मान्यता पावलेले आहे. या दोन्ही देवस्थानांचे भक्त तालुक्याची, जिल्ह्याची आणि पूर्वी तर राज्याची सीमाही ओलांडून येत आले आहेत. अर्थात भाविकांचा भूगोल आणि सरकारी दप्तराचा भूगोल हे येथे कधीच जुळलेले नाहीत.

सरकारी भूगोलाचा प्रारंभ १८१८ पासून धरावा. पेशवाईच्या अस्तानंतर हा मुलूख इंग्रजी अंमलाखाली येऊन खानदेशात समाविष्ट झाला. डोंगरपट्टीतील भिल्लांचा बंदोबस्त हा त्या वेळच्या अधिकाऱ्यांपुढील पहिला प्रश्न होता. बंदुकीने तो सुटेना, म्हणून १८२५ च्या सुमारास खानदेशात भिल्ल एजन्स्या स्थापन करण्यात आल्या. भिल्लांना तगाई व बैल देऊन शेतीवर बसविणे आणि त्यांच्यातूनच शिपाई भरती करणे, असे त्यांचे दुहेरी धोरण होते. सातमाळ्याच्या बाजूचे काम कन्नडच्या एजन्सीकडे होते. नांदगावच्या दक्षिणेकडील खेड्यांतील भिल्ल वस्तीचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. इंग्रजी अहवालांत ज्याला 'शांतता प्रस्थापित झाली' असे म्हटले आहे, ते त्या लोकांच्या दृष्टीने जंगलावरील हक्क जाऊन गावाच्या कडेला झोपडी मिळणे होते.

१८६९ मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. त्या वेळी मालेगाव व बागलाण यांच्याबरोबर नांदगावचा प्रदेश खानदेशातून काढून नव्या जिल्ह्यास जोडण्यात आला. ही घटना केवळ कारभाराची वाटली तरी तिचे परिणाम आजतागायत दिसतात. सरकारी पत्ता नाशिकचा झाला, बोली मात्र खानदेशची राहिली. तालुक्याच्या उत्तरेकडील व पूर्वेकडील खेड्यांत अहिराणीचे वळण स्पष्ट ऐकू येते. 'आहे' याऐवजी 'शे', 'माझा-तुझा' याऐवजी 'मना-तुना' ही रूपे तेथे सहज येतात; घाटमाथ्यावर गेले की बोली मराठवाड्याकडे झुकते; आणि कचेरीत व शाळेत तिसरीच, पुणेरी वळणाची ग्रांथिक मराठी वापरली जाते. तिन्ही बोली जाणणारा माणूस नांदगावच्या बाजारपेठेत दुर्मीळ नाही. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी या सीमाप्रदेशाकडे अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

परंतु नांदगावला आजचे रूप दिले ते प्रामुख्याने लोहमार्गाने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची ईशान्येकडील शाखा १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नाशिककडून खानदेशात उतरली. थळ घाटातील अवघड काम पुरे होऊन १ जानेवारी १८६५ रोजी तो घाट वाहतुकीस खुला झाला आणि मुंबई बंदराशी या प्रदेशाचा अखंड संबंध जोडला गेला. नेमका हाच काळ अमेरिकेतील यादवी युद्धाचा होता. इंग्लंडमधील गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाल्यामुळे खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला होता. अशा वेळी जे गाव स्थानकाच्या शेजारी पडले त्याचे दैव उघडले, आणि जे चार कोस दूर राहिले ते मागे पडले. नांदगावचे दैव उघडले.

याला आणखी एक कारण होते, आणि ते या गावाच्या इतिहासातील सर्वांत रोचक प्रकरण होय. सातमाळ्याच्या माथ्यापलीकडे निजामाचे राज्य होते. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, तेव्हा रेल्वे नव्हती. त्यामुळे मुंबईहून औरंगाबाद, दौलताबाद वा वेरूळकडे जाणाऱ्याने नांदगाव स्थानकावर उतरावे आणि पुढील प्रवास टांग्याने अथवा बैलगाडीने करावा, असा परिपाठ पडला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील युरोपीय प्रवाशांच्या मार्गदर्शक पुस्तकांत वेरूळच्या लेण्यांचे स्थानक म्हणून नांदगावचेच नाव येते. वेरूळ तेथून साठ-सत्तर किलोमीटर. म्हणजे टांग्याचे घोडे वाटेत बदलूनही जवळजवळ सबंध दिवसाची मजल. कैलास लेणे पाहून भारावलेल्या परदेशी विद्वानांच्या ग्रंथांत त्या लेण्याची वर्णने पानोपानी सापडतात. त्यांना तेथवर नेणाऱ्या टांगेवाल्यांविषयी मात्र एखादी ओळ सापडली तर सापडते, आणि तीही बहुधा तक्रारीची.

प्रवाशांपेक्षाही महत्त्वाचा होता तो माल. निजामी हद्दीतील धान्य, कापूस व तेलबिया गाड्यांवर लादून घाटाखाली येत आणि नांदगावच्या स्थानकावर डब्यांत भरल्या जात. परतीच्या गाड्यांतून मीठ, कापड, लोखंडी सामान वर जाई. या व्यापाराला दोन राज्यांच्या सीमेने निराळाच आकार दिला होता. निजामाच्या राज्यात मालावर 'करोडगिरी' नावाची जकात घेतली जाई. शिवाय तेथील नाणे वेगळे. इंग्रजी रुपया तो 'कलदार' आणि निजामी रुपया तो 'हाली सिक्का'. हाली रुपयाचा भाव कमी असे. पुढच्या काळात सहा कलदारांस सात हाली असा ढोबळ हिशेब धरला जाई. घाट उतरून आलेल्या शेतकऱ्याला आपल्या मालाचा भाव कोणत्या रुपयात सांगितला जात आहे हे नीट कळणे अगत्याचे होते, आणि ते नीट न कळण्यात दुसऱ्या कोणाचा तरी फायदा होता. अशा ठिकाणी अडत, सराफी आणि सावकारी हे तीन धंदे एकाच ओसरीवर चालावेत हे स्वाभाविकच होते. मारवाडी व गुजराती व्यापाऱ्यांची वस्ती या पट्ट्यातील स्थानकांच्या गावी वाढली तिचा हा आर्थिक आधार होय. त्यांना केवळ 'नडणारे सावकार' म्हणून निकालात काढणे सोपे आहे. पण दोन चलनांचा, दोन कायद्यांचा आणि एका तारेच्या यंत्राचा उपयोग एकाच वेळी करू शकणारा वर्ग त्या काळी गावात दुसरा नव्हता, हेही विसरता येत नाही.

रेल्वेने दिले ते रेल्वेनेच काढूनही घेतले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू होऊन मनमाड हे जंक्शन झाले. त्यानंतर १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग औरंगाबादेवरून मनमाडला येऊन मिळाला. त्या दिवसापासून वेरूळच्या प्रवाशाला नांदगावला उतरण्याचे कारण उरले नाही आणि औरंगाबादच्या व्यापाऱ्यालाही गाडीबैल घाटाखाली पाठविण्याची निकड उरली नाही. लांबचा व्यापार गेला. घाटमाथ्यावरच्या जवळच्या खेड्यांचा व्यवहार तेवढा राहिला. तालुक्याची कचेरी नांदगावातच होती म्हणून गाव मोडले नाही. मामलेदार, तिजोरी, फौजदार, न्यायालय, शाळा यांच्या आधाराने ते तगून राहिले. स्थानकाने वाढविलेल्या गावाला कचेरीने सांभाळले, असे या टप्प्याचे वर्णन करता येईल.

यातून एक विलक्षण परिस्थिती निर्माण झाली. मनमाड हे याच तालुक्यातील गाव; परंतु तेथे जंक्शन आले, रेल्वेचा अभियांत्रिकी कारखाना आला, पुढे धान्याची प्रचंड कोठारे आणि पानेवाडीस तेलकंपन्यांचे साठे आले. २०११ च्या जनगणनेत मनमाडची लोकसंख्या ८० हजारांवर गेली होती. नांदगावची तिच्या एकतृतीयांशाच्या आसपास होती. म्हणजे धाकटे गाव अधिकाराने थोरले आणि थोरले गाव कागदावर धाकटे. मनमाडचा स्वतंत्र तालुका व्हावा ही मागणी त्यातूनच पुढे आली.

मनमाडचा उल्लेख आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. लोहमार्ग म्हणजे केवळ स्थानके व व्यापारी नव्हेत. रुळांची देखभाल करणारी माणसेही त्यात येतात. मनमाड, हिसवहळ, पांझण, नांदगाव, पिंपरखेड, न्यायडोंगरी या स्थानकांमधल्या रुळांवर ज्यांनी पिढ्यान् पिढ्या गँगमनचे काम केले, त्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाचा वाटा मोठा होता. गावगाड्यातील वतनाचे व बलुत्याचे बंधन सोडून रोख पगाराची नोकरी देणारा हा पहिला मोठा मालक होता. परंतु या नोकरीलाही जातीची भिंत होती. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली भरली, तेव्हा त्यांनी या भिंतीचे अचूक विवेचन केले. अस्पृश्य कामगार बहुधा गँगमन म्हणूनच लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला पोर्टरचे कामसुद्धा मिळत नाही, कारण पोर्टराकडून स्टेशनमास्तर घरकामही करून घेतो आणि अस्पृश्याचा हात घरात चालत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हा त्यांचा प्रसिद्ध सिद्धांत याच परिषदेत मांडला गेला. भारतातील कामगार चळवळीच्या इतिहासात या भाषणाचे स्थान फार मोठे आहे. आणि ते नांदगाव तालुक्याच्या भूमीवर, ज्यांच्या जगण्याविषयी ते होते त्या माणसांसमोर झाले, ही गोष्ट तालुक्याच्या इतिहासात ठळकपणे नोंदवली गेली पाहिजे.

पुढे १९४७-४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात सीमेवरील या प्रदेशाला पुन्हा महत्त्व आले. निजामी हद्दीतून निघालेले कार्यकर्ते व निर्वासित घाट उतरून इकडे येत. मनमाड हे त्या लढ्याचे एक केंद्र होते. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने ती सीमा नाहीशी झाली. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी दोन्ही बाजू महाराष्ट्रात एकत्र झाल्या. करोडगिरीचे नाके गेले, हाली सिक्काही गेला. त्यानंतर घाटमाथ्यावरील कांदा व मका बोलठाणच्या बाजारात, खालचा नांदगाव व न्यायडोंगरीच्या बाजारात येऊ लागला, आणि कन्नड-वैजापूरकडील शेतकऱ्याला भाव पाहून कोणत्याही बाजारात जाण्याची मोकळीक मिळाली.

स्वातंत्र्योत्तर काळातील नांदगावचा सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न पाण्याचा आहे. गिरणा नदीवरील मोठे धरण याच तालुक्यात पांझण येथे बांधण्यात आले व १९६९ मध्ये पूर्ण झाले. त्याची लांबी सुमारे ९६३ मीटर, उंची सुमारे ५४ मीटर आणि एकूण साठा सुमारे साडेएकवीस अब्ज घनफूट आहे. जिल्ह्यातील मोठ्या जलाशयांपैकी हा एक होय. बाहेरून येणाऱ्याची सहजच अशी समजूत होते की एवढे धरण ज्या तालुक्यात आहे तेथे पाण्याची ददात नसावी. वस्तुस्थिती उलट आहे. धरण तालुक्याच्या सखल टोकाला आहे. कालव्याचे पाणी उताराने वाहते आणि उतार जळगाव जिल्ह्याकडे आहे. म्हणून चाळीसगाव, भडगाव, पाचोरा या बाजूची शेते भिजतात. नांदगाव गाव व त्याच्या दक्षिणेची खेडी जलाशयाच्या पातळीपेक्षा उंचावर असल्याने तेथे कालवा पोचूच शकत नाही. पाणी हवे असेल तर ते पंपाने उचलून नळातून आणावे लागते. नांदगाव व छपन्न खेड्यांची पाणीपुरवठा योजना याच तत्त्वावर उभारलेली आहे, आणि अशा योजनेला विजेचे बिल, नळाची गळती व पंपाची नादुरुस्ती ही तीन दुखणी कायमची असतात. गावाला दहेगाव व माणिकपुंज या लहान धरणांचाही आधार आहे. पण पाऊस हुकला की ती प्रथम आटतात.

यात कोणावर अन्याय झाला असे सरळ म्हणता येणार नाही. धरण कोठे बांधावे हे दरीच्या आकाराने ठरते आणि पाणी कोठे जावे हे उताराने. खालच्या खोऱ्यातील जमीन चांगली होती, तेथे बंधाऱ्यांची व कालव्यांची परंपराही होती. तिला पाणी देणे हा हिशेबाने योग्यच निर्णय होता. परंतु ज्यांची शेते बुडाली ती गावे वरची आणि ज्यांची पिकली ती खालची, ही गोष्ट हिशेबाच्या वहीत कोठेही दिसत नाही. १९७२ च्या दुष्काळात, धरण पुरे झाल्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, राज्यातील अवर्षणग्रस्त प्रदेशाला खडी फोडून दिवस काढावे लागले, त्यातून हा तालुकाही सुटला नाही. पुढेही टँकर हा येथील उन्हाळ्याचा नेहमीचा सोबती राहिला. बंजारा तांड्यांतील व डोंगरपट्टीतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी बाहेर पडतात, ते कोरडवाहू शेतीचे उत्पन्न वर्षभर पुरत नाही म्हणून. पाण्याचा इतिहास आणि स्थलांतराचा इतिहास येथे वेगळे काढता येत नाहीत.

शाकंबरी या नदीच्या नावाचा येथे उल्लेख केला पाहिजे. पुराणकथेनुसार शंभर वर्षांच्या अवर्षणात आपल्या देहातून भाजीपाला उत्पन्न करून जिने लोकांना जगविले ती देवी शाकंभरी. अवर्षणाच्या प्रदेशातील नदीला हे नाव कोणी व केव्हा दिले असेल ते असो, त्यामागची आर्तता उघड आहे. वर्षातील बहुतेक महिने ही नदी आणि तिची जोडीदार लेंडी या दोन्ही कोरड्या असतात. कोरडी नदी ही गावाच्या नजरेत नदी राहत नाही. तिच्या काठाशी टपऱ्या येतात, मग दुकाने येतात, पात्र अरुंद होते.

सप्टेंबर २०२१ मध्ये डोंगरपट्टीत एका रात्रीत अतिवृष्टी झाली आणि दोन्ही नद्यांना पूर आला. आठवडाभरापूर्वीच शेजारच्या चाळीसगावला तितूर व डोंगरी या नद्यांनी झोडपले होते. नांदगावात पाणी थेट बाजारपेठेत शिरले. दुकानांतील माल भिजला, टपऱ्या वाहून गेल्या, आणि ज्या गावाने टँकरच्या रांगा पाहिल्या होत्या त्याने चिखल उपसण्यात पुढचे दिवस घालविले. पूर ओसरल्यावर पात्र पुन्हा कोरडे पडले. पुराच्या पाण्याची रेषा काही भिंतींवर उमटली होती. नदीची जुनी रुंदी किती होती हे तिच्यावरून कोणासही मोजता आले असते.